पांढऱ्या पंखांचा फ्लफटेल: तो कुठे राहतो, कसा राहतो आणि त्याला शोधावे कसे

जोहान्सबर्गला नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका पक्षीनिरीक्षकाने विचारले आहे की, जानेवारीत डुलस्ट्रूम आणि वॅकरस्ट्रूम या भागांत जाणे होणार आहे, तर तिथे पांढऱ्या पंखांचा फ्लफटेल हा दलदलीत लपून राहणारा लहानसा पक्षी दिसण्याची शक्यता किती. हा पक्षी इथिओपियाहून येतो असे जुन्या मार्गदर्शिकांत लिहिलेले असते ते खरे आहे का. तो इतका लपून का राहतो. आणि मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बाहेर काढता येईल का. फटाकड्या, पाणकोंबड्या आणि त्यांच्यासारख्या लपून राहणाऱ्या पक्ष्यांच्या गणनेचे काम मी आधी महाराष्ट्रात आणि नंतर बरीच वर्षे दक्षिण आफ्रिकेत केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देतो. जानेवारी हा महिना बरोबर आहे आणि प्रदेशही बरोबर आहे, तरीही हा पक्षी दिसण्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे, आणि त्याला पाहण्यासाठी लव्हाळ्यात उतरण्याचा प्रयत्न आपण करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच प्रवासात त्याचा भाऊबंद, तांबड्या छातीचा फ्लफटेल, ऐकू मात्र नक्की येऊ शकतो, आणि धीर धरला तर दिसूही शकतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

फ्लफटेल हे चिमणीएवढ्या आकाराचे, जमिनीवर वावरणारे आफ्रिकी पक्षी आहेत. सारोथ्रुरा या प्रजातीत (जीनसमध्ये) एकूण नऊ जाती येतात; त्यांतल्या दोन मादागास्करच्या आणि बाकीच्या आफ्रिका खंडातल्या. पूर्वी त्यांना पाणकोंबड्यांच्याच कुळात धरत असत, परंतु जनुकीय अभ्यासानंतर त्यांचे कुळ वेगळे मानले जाऊ लागले. या कुळातला एकही पक्षी भारतात नाही, त्यामुळे आपल्याकडून तिकडे गेलेल्या निरीक्षकाला तो सर्वस्वी नवा असतो. दक्षिण आफ्रिकी प्रदेशात पाच जाती आहेत आणि त्यांनी अधिवास आपसांत वाटून घेतल्यासारखे दिसते. पिवळसर ठिपक्यांचा फ्लफटेल जंगलात आणि दाट झाडीच्या बागांतही राहतो, पट्टेरी फ्लफटेल डोंगरउतारावरच्या गवताळ भागात, तर रेघाळ छातीचा पावसाळ्यात झिंबाब्वेच्या पाणी साचलेल्या गवताळ सखल भागांत येतो. कायम ओलसर, चिखलाच्या, दाट लव्हाळ्याच्या दलदलीत तांबड्या छातीचा राहतो, आणि अशाच दलदलींपैकी अगदी मोजक्या, विशिष्ट प्रकारच्या जागी आपण ज्याविषयी विचारले आहे तो पांढऱ्या पंखांचा.

शास्त्राला या पक्ष्याची ओळख झाली ती दक्षिण आफ्रिकेतूनच. पॉचेफस्ट्रूम येथे थॉमस आयरिस यांनी मिळवलेल्या नमुन्यांवरून जॉन हेन्री गर्नी यांनी १८७७ साली त्याचे वर्णन केले आणि आयरिस यांचेच नाव त्याला दिले. नराचे डोके आणि मान तांबूस विटकरी, गळा आणि पोट पांढरे, पाठ काळपट आणि तिच्यावर पांढऱ्या बारीक रेघा, शेपटीवर तांबडे-काळे पट्टे, असे त्याचे रूप आहे. मादी अधिक फिकट आणि तपकिरी. नर आणि मादी दोघांच्याही पंखांच्या आतल्या बाजूची उड्डाणपिसे पांढरी असतात. पक्षी उठून उडाला की पंखाच्या मागच्या कडेला तो पांढरा चौकोन एखाददुसरा सेकंद दिसतो, पाय खाली लोंबकळतात, आणि थोड्याच अंतरावर तो पुन्हा गवतात पडतो. शंभर वर्षांहून अधिक काळ या जातीच्या बहुतेक नोंदी या अशा क्षणिक दर्शनावरच आधारलेल्या होत्या. याचा अर्थ असा की, आपल्याला या पक्ष्याविषयी जे काही माहीत होते ते मुख्यतः घाबरून पळणाऱ्या पक्ष्याविषयी होते. तो न घाबरता कसा जगतो, हे पाहण्याची सोयच नव्हती.

तो लपून का राहतो, या प्रश्नाकडे मी असे पाहतो. लाजाळू हा शब्द आपण सहज वापरतो, पण या पक्ष्याच्या बाबतीत तो फारसा उपयोगी नाही. लव्हाळ्याच्या बुंध्यांपासून वीतभर उंचीपर्यंतचा जो थर असतो, तेवढाच त्याचा संसार आहे. वर पाती एकमेकांवर वाकून छत तयार झालेले असते, खाली उथळ पाणी आणि कुजलेल्या पात्यांचा मऊ थर असतो, आणि या दोहोंच्या मध्ये बोळांसारख्या वाटा असतात. या पक्ष्याचे शरीर दोन्ही बाजूंनी चपटे आहे, त्यामुळे बुंध्यांच्या फटींतून तो पाते न हलवता सरकू शकतो. अन्न तिथेच: पाण्यातले आणि चिखलातले किडे, त्यांच्या अळ्या, लव्हाळ्याचे आणि गवताचे बी. घरटेही तिथेच: इथिओपियात सापडलेली घरटी उथळ पाण्यावर, पात्यांच्या दाटीत, वरची पाती खाली ओढून छप्पर केलेली अशी आहेत. वरून पाणथळ घारी, घुबडे आणि बगळे, बाजूने मुंगूस आणि सर्व्हाल मांजर. अशा ठिकाणी जो पक्षी उघड्यावर येतो तो टिकत नाही. त्यामुळे उघड्यावर येण्याचे त्याला कारणच नसते, आणि धोका जाणवला तरी उडण्याऐवजी दबून बसणे किंवा पळत बाजूला होणे हेच तो पसंत करतो. पंख शेवटचा उपाय म्हणून वापरतो.

पाण्याची खोली येथे निर्णायक ठरते. पाणी घोट्याहून फार वर गेले की चालणाऱ्या पक्ष्याला आधार राहत नाही, आणि जमीन कोरडी पडली की अन्नही संपते आणि शत्रूंना वाटही मिळते. एकाच दलदलीत एका हंगामात योग्य असलेला पट्टा पुढच्या हंगामात निरुपयोगी होऊ शकतो, कारण पाऊस आठवडाभर लांबला तरी पाण्याची रेषा सरकते. तांबड्या छातीचा फ्लफटेल या बाबतीत बराच सोशिक आहे. बोरू, पाणकणीस, लव्हाळे, ओढ्याकाठचे गवत, कशातही तो भागवून घेतो. पांढऱ्या पंखांचा तसे करत नाही. माझ्या अनुभवात, दलदलीच्या नकाशावर एखादा पट्टा कितीही मोठा दिसत असला तरी त्यातला या जातीच्या उपयोगाचा भाग प्रत्यक्षात उतरून पाहिल्यावर फारच थोडा उरतो. क्षेत्रफळाच्या आकड्यांवर विसंबून ‘इतक्या हेक्टरांत इतके पक्षी’ असे गणित मांडणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यायला हवी.

आता इथिओपियाचा प्रश्न. विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत चित्र असे होते: इथिओपियाच्या मध्य पठारावर, अदीस अबाबाच्या परिसरातल्या बर्गासारख्या मोजक्या ओल्या कुरणांत हा पक्षी तिथल्या पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबरच्या काळात, घरटी करताना आढळला, आणि दक्षिण आफ्रिकेत तो नोव्हेंबर ते मार्च या काळात, म्हणजे इथल्या पावसाळ्यात, नोंदवला जात होता, पण घरटे किंवा पिल्लू कधी सापडले नव्हते. मधल्या देशांत, झांबिया आणि झिंबाब्वेत, नोंदी अगदी तुरळक. त्यावरून सरळ निष्कर्ष काढला गेला की, पक्षी इथिओपियात वीण करतात आणि नंतर हजारो किलोमीटर उडून दक्षिणेला येतात. इतका दुबळा उडणारा पक्षी एवढा प्रवास कसा करील, अशी शंका काही जण घेत असत. परंतु ती शंका टिकणारी नाही. आपल्याकडे हिवाळ्यात महाराष्ट्राच्या तळ्यांवर येणारी बेलॉनची फटाकडी पायाखालून उठते तेव्हा तीही असेच चार हात उडून पडते, आणि तरीही ती उत्तरेकडून शेकडो मैल पार करून आलेली असते. युरोपातली कॉर्नक्रेक ही फटाकड्यांच्याच कुळातली पक्षीण तर थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत येते. अचानक उठलेल्या पक्ष्याच्या उड्डाणावरून त्याच्या रात्रीच्या दूरच्या उड्डाणाचा अंदाज बांधता येत नाही.

जुन्या चित्राला तडा गेला तो वेगळ्याच बाजूने. २०१७-१८च्या उन्हाळी हंगामात डुलस्ट्रूमजवळच्या मिडलपंट दलदलीत बर्डलाइफ साउथ आफ्रिका या संस्थेच्या वतीने रॉबिन कॉलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावलेल्या कॅमेऱ्यांत प्रौढ पक्ष्यांबरोबर पिल्लेही टिपली गेली. दक्षिण गोलार्धातला या जातीच्या विणीचा तो पहिला पुरावा होता. म्हणजे येथे येणारे पक्षी वीण न करणारे केवळ पाहुणे आहेत, हे गृहीतक कोसळले. दोन्हीकडच्या पक्ष्यांच्या जनुकीय तुलनेत त्यांच्यात लक्षणीय वेगळेपण आढळलेले नाही, त्यामुळे हे दोन पूर्ण तुटलेले समूह आहेत असेही म्हणता येत नाही. मात्र एकच पक्षी दोन्हीकडे नोंदवला गेला आहे, असा पुरावा आजवर नाही. म्हणून आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर असे: ‘इथिओपियाहून येतो’ हे वाक्य आता खात्रीच्या भाषेत लिहू नये, ‘दोन्ही ठिकाणी, तिथल्या तिथल्या पावसाळ्यात, वीण करतो’ हे मात्र खात्रीने लिहावे.

या बदलामागे पद्धतीचा बदल आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पूर्वी गणनेची पद्धत अशी होती की, माणसांची रांग दलदलीतून चालत जायची, कधी दोन टोकांना धरलेला दोर लव्हाळ्यावरून ओढला जायचा, आणि उठलेले पक्षी मोजले जायचे. ही पद्धत त्या काळात दुसरा मार्ग नसल्यामुळे वापरली गेली आणि तिच्यामुळेच जातीचे अस्तित्व नोंदवले गेले, हे मान्य करायला हवे. पण तिचे दोष गंभीर आहेत. दबून बसलेला पक्षी उठत नाही, त्यामुळे ‘नाही’ या नोंदीला काही अर्थ राहत नाही. उठलेला पक्षी जिथे पडतो तिथे त्याला आडोसा मिळेलच असे नाही. अंडी किंवा लहान पिल्ले असतील तर ती पायाखाली येऊ शकतात. आणि जिथे वीण होतच नाही असे वर्षानुवर्षे मानले जात होते, तिथे ती होत होती, हे आज आपल्याला कळते. शिवाय माणसांच्या रांगेने तुडवलेल्या वाटा लव्हाळ्यात कित्येक आठवडे तशाच राहतात आणि त्या वाटांनी शिकारी प्राणी आत येतात. पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा साठलेला थर, असलेल्या जमिनीवर तर पाऊल खोल रुतते आणि पाण्याचा प्रवाह त्या खळग्यांतून वेगळी दिशा घेऊ लागतो.

कॅमेऱ्याच्या पद्धतीत माणूस एकदा आत जातो, पाण्याच्या पृष्ठभागाच्या थोड्याच वर, पक्षी ज्या उंचीवर चालतो त्या उंचीवर कॅमेरा बसवतो, आणि कित्येक आठवडे परत येत नाही. कॅमेऱ्यासमोरची थोडी पाती बाजूला वाकवावी लागतात, परंतु ती कापून मोकळी जागा केली तर पक्षी तिथून फिरकतच नाही. हे प्रमाण साधणे हाताला सवय झाल्याशिवाय जमत नाही. वाऱ्याने हलणाऱ्या पात्यांचीच चित्रे ढिगांनी येतात, आणि त्यांतून कामाची वेचणे हे कंटाळवाणे पण टाळता न येणारे काम असते. बहुधा पहाटे आणि संध्याकाळी, मंद उजेडात, या पक्ष्यांची हालचाल अधिक टिपली जाते. या सर्वांतून हाती येते ते निव्वळ अस्तित्व नव्हे, तर वागणूक: किती वेळ एका जागी चारा टिपतो, नर-मादी बरोबर फिरतात का, पिल्ले कोणामागे चालतात. याच कामातून या जातीच्या आवाजाचे पहिले पूर्ण वर्णनही २०२० साली प्रसिद्ध झाले. त्याआधी या पक्ष्याच्या नावावर जे आवाज सांगितले जात, त्यांवर गणना उभी करणे शक्य नव्हते. आता आवाज नोंदवणारी स्वयंचलित यंत्रे दलदलीच्या कडेला ठेवूनही शोध घेता येतो, आणि मला त्यातच पुढची खरी आशा दिसते, कारण यंत्र ठेवण्यासाठी लव्हाळ्याच्या मध्यापर्यंत जावे लागत नाही.

आवाज वाजवून पक्षी बाहेर काढण्याविषयी माझे उत्तर नकारार्थी आहे. फ्लफटेलांत नर आणि मादी दोघेही अंडी उबवतात. आपल्या हद्दीत दुसरा नर ओरडतो आहे असे वाटून पक्षी उठून येतो, तेव्हा तो घरटे किंवा पिल्ले सोडून येतो, आणि त्याच्या लेखी ते भांडण खरे असते. ज्या जातीचे जगात मिळून अडीचशेपेक्षाही कमी प्रौढ पक्षी उरले असावेत असा अंदाज आहे आणि जिला २०१३ पासून अतिसंकटग्रस्त गणले जाते, तिच्या बाबतीत एका छायाचित्रासाठी हा धोका पत्करणे मला कोणत्याही कारणाने समर्थनीय वाटत नाही. तांबड्या छातीच्या फ्लफटेलवर हा उपाय सर्रास केला जातो. तो आवाजाला जोरात प्रतिसाद देतो, अगदी पायाजवळ येऊन ओरडतो, आणि तरीही बहुतेक वेळा दिसत नाही. म्हणजे पक्ष्याला त्रास होतो आणि निरीक्षकाच्या हातीही काही लागत नाही. लोकप्रिय ठिकाणी तर रोज नवा माणूस येऊन तोच आवाज वाजवत असतो.

पक्ष्याच्या सवयींइतकेच त्याच्या जागांचे भवितव्यही महत्त्वाचे आहे, कारण या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. मिडलपंट ही पुमलांगा प्रांतातल्या उंच गवताळ पठारावरची, साधारण दोन हजार मीटर उंचीच्या परिसरातली पीटची दलदल आहे आणि तिच्या संवर्धनासाठी एक स्वतंत्र न्यास काम करतो. ड्राकेन्सबर्गच्या कड्यावर, फ्री स्टेट आणि क्वाझुलू-नाताल यांच्या सीमेवर असलेल्या इंगुला जलविद्युत प्रकल्पाच्या परिसरातल्या दलदलीतही या पक्ष्याच्या नोंदी आहेत. ते क्षेत्र २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले. परंतु याच पठाराखाली दक्षिण आफ्रिकेचा बराचसा कोळसा आहे. वॅकरस्ट्रूमजवळच्या माबोला संरक्षित क्षेत्राखाली प्रस्तावित असलेल्या खाणीची परवानगी २०१८ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने रद्द केली, आणि त्यानंतरही तो वाद मिटला नाही. खाणीने दलदल थेट खोदली नाही तरी भूजलाची पातळी खाली गेली की पीट सुकते, सुकलेले पीट एकदा पेटले की आत आत जळत राहते, आणि घोटाभर पाण्याचा तो पट्टा कायमचा नाहीसा होतो. निचऱ्याचे चर, वरच्या उतारावर लावलेली निलगिरी आणि वॅटलची झाडे, ओढ्याच्या पात्रात मागे मागे सरकणाऱ्या घळी, यांचाही परिणाम शेवटी हाच असतो. हिवाळ्यात संपूर्ण दलदल एकदम जाळण्याची पद्धतही घातक आहे. आळीपाळीने थोडा थोडा भाग जाळला तर पुढच्या पावसाळ्यात कुठेतरी आडोसा शिल्लक राहतो.

इथिओपियात प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा आहे. बर्गाची कुरणे ही तिथल्या गुराख्यांची रोजची गरज आहे, आणि विणीच्या काळात गुरे आत शिरली तर घरटी तुडवली जातात. तिथे गावकऱ्यांनीच पक्षीमित्रांचा गट स्थापन करून चराईची वेळ पुढे ढकलण्याचे काम हाती घेतले, आणि या संवर्धनाच्या जोडीने गावात शाळाही उभी राहिली. केवळ मनाईचे फलक लावून हे झाले नसते. २००८ साली या एकाच जातीसाठी आंतरराष्ट्रीय कृती आराखडा तयार झाला. पण त्याचे यश अशा गावांतल्या माणसांच्या निर्णयांवरच अवलंबून आहे.

आता आपल्या जानेवारीच्या प्रवासाविषयी. मिडलपंट खासगी आणि संरक्षित जागा आहे. तिथे परवानगीशिवाय जाऊ नये आणि पक्षी पाहण्यासाठी परवानगी मागूही नये. वॅकरस्ट्रूमला मात्र अवश्य जावे. गावाला लागूनच मोठी दलदल आहे आणि तिच्या कडेला लपणे, म्हणजे आडून पक्षी पाहण्यासाठी बांधलेल्या खोपी, आहेत. तिथे सूर्योदयापूर्वी पोहोचावे. आधी कान वापरावेत: तांबड्या छातीच्या फ्लफटेलचा नर एकसुरी, घुमणारा हुंकार पुन्हा पुन्हा, न थकता देत राहतो, आणि मधूनच धातूवर टकटक केल्यासारखी जलद लड ऐकू येते. आवाज कुठून येतो हे कळले की त्या दिशेला लव्हाळ्याची कड आणि चिखल जिथे एकत्र येतात अशी छोटी फट शोधावी, शक्य तितके खाली बसावे, दुर्बीण त्या फटीवर आधीच रोखून ठेवावी आणि तासभर हलू नये. पक्षी ती फट ओलांडतो तेव्हा वेळ फार थोडा मिळतो, आणि दुर्बीण उचलेपर्यंत तो गेलेला असतो. रात्री पाऊस पडून सकाळी उघडीप असेल तर अशी संधी अधिक मिळते. त्याच फटीत आफ्रिकी पाणकोंबडी किंवा काळी फटाकडीही येईल, आणि मागच्या गवतात राखी मुकुटधारी क्रौंच दिसण्याचा संभव चांगला आहे.

कडेवरून चालताना पायाखालून अचानक लहान पक्षी उठला आणि पंखाच्या मागच्या कडेला पांढरे दिसले असे वाटले, तर त्याच्या मागे जाऊ नये. आपण उभे होता ती जागा, वेळ, पाण्याची खोली आणि झाडोरा यांची तिथेच टिपण करावी आणि मागे फिरावे. तांबड्या छातीच्या पक्ष्याच्या पंखात पांढरे नसते, पण पावसाने ओल्या, चकाकणाऱ्या पिसांवर प्रकाश पडून फसगत होते. म्हणून दोन्ही पंखांवर दिसले की एकाच, आणि चौकोनी होते की नुसती चमक, हे आठवणीत ताजे असतानाच लिहून ठेवावे. ही माहिती थेट बर्डलाइफ साउथ आफ्रिकेला कळवावी. व्हॉट्सॲपच्या गटांवर किंवा सार्वजनिक नोंदींच्या संकेतस्थळांवर ठिकाण टाकू नये. एकदा ठिकाण जाहीर झाले की दुसऱ्याच दिवशी गाड्या येतात, आणि लव्हाळ्याचा तो पट्टा त्या हंगामापुरता तरी पक्ष्याच्या कामाचा राहत नाही.